पाया खणताना मुंबई पाहायची कोणी?

१९३१ साली परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम चालू असताना कामगारांना जमिनीत एक प्रचंड शिळा सापडली. अकरा फुटांहून उंच अशा एकाच दगडात उभा शिव कोरलेला होता. त्याच्या अंगातून वर आणि दोन्ही बाजूंना आणखी शिवमूर्ती प्रकटत होत्या आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण होते. अभ्यासकांनी या शिल्पाचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक असा ठरवला, म्हणजे जवळपास घारापुरीच्या लेण्यांच्या काळातला. लोकांनी ते जवळच्या बारादेवीच्या देवळात नेले. तिथे स्वतंत्र खोलीत त्याची आजही पूजा होते आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत त्याची नोंद आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याची प्रतिकृती पाहता येते.

शिल्प वाचले, पण त्याचा संदर्भ हरवला. शिल्पाचा काही भाग अपुरा राहिलेला दिसतो. मग ते इथेच घडत होते का? शेजारी देऊळ होते की पाथरवटांची जागा? मातीच्या कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या आणि विटांच्या सोबतीने ते पडले होते? या प्रश्नांची उत्तरे त्या खड्ड्यातच होती आणि रस्ता झाला तेव्हा ती गेली.

आज परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत त्या रस्त्यापेक्षा कितीतरी खोल आणि रुंद खड्डे रोज पडत आहेत. चाळी पाडून टॉवर उभे राहतात, टॉवरखाली गाड्यांसाठी दोन-तीन मजली तळघरे होतात. खड्ड्यातून निघालेली माती डंपरमध्ये भरून शहराबाहेर जाते. ती जाण्यापूर्वी तिच्याकडे जाणत्या नजरेने पाहण्याची सक्ती कोणावरही नाही. या लेखात त्याच प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे. मुंबईच्या जमिनीत काय असू शकते, आजवर काय हाती आले, कायदा काय सांगतो, इतर शहरे काय करतात आणि आपल्याला काय करता येईल, अशा क्रमाने तो घेऊ.

तट कुठे होता, गाव कुठे होते

जुन्या शहराच्या तटालगत बांधकाम होणार असेल, तर जगातल्या अनेक शहरांत आधी पुरातत्त्वज्ञ येतो. मुंबईलाही तट होता. बॉम्बे कॅसलभोवती वाढलेल्या वस्तीला गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१५ ते १७२२ या काळात, भक्कम तटबंदी मिळाली. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट हे तिचे तीन दरवाजे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांना धडकी भरली. तटाबाहेर खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपयांची वर्गणी दिली. तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून तटासमोरची घरे आणि माडांच्या वाड्या हटवण्यात आल्या. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर हे मैदान आणखी वाढवण्यात आले. तटाच्या आत जागा न उरलेली आणि मैदानातून उठवलेली माणसे उत्तरेला सरकली. काळबादेवी, भुलेश्वर आणि गिरगावची दाट वस्ती अशी वाढत गेली. म्हणून गिरगावचा इतिहास तटाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६० च्या दशकात, तट पाडला गेला आणि खंदक बुजवला गेला. दादाभाई नौरोजी मार्ग, हुतात्मा चौक, काळा घोडा हा सगळा पट्टा त्या तटाच्या आणि खंदकाच्या रेषेवर किंवा तिच्या लगत आहे. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या गॉथिक इमारती तट पडल्यामुळे मोकळ्या झालेल्या जमिनीवरच उभ्या राहिल्या. जमिनीवर टिकलेला अवशेष पाहायचा तर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात जावे लागते. १७६९ साली बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा थोडा भाग तिथे आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे कार्यालयही तिथेच आहे.

हा तट अठराव्या शतकातला आहे. मध्ययुगीन मुंबई शोधायची तर त्याच्या बाहेर, उत्तरेकडे पाहावे लागते. माहीमची महिकावती, वाळकेश्वरचे बाणगंगा तळे आणि परळ ही तिची ठिकाणे. परळला शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा, शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख मिळाला आहे. कुर्ल्याजवळच्या गावातल्या एका वाडीचे उत्पन्न वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद त्यात आहे आणि दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी मराठीत आहे. ज्या परळला आपण गिरण्यांचे म्हणून ओळखतो, तिथे साडेआठशे वर्षांपूर्वी मराठी दगडावर कोरली जात होती. पुढे इथे पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती मठ झाला, मग ती वास्तू इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि प्लेगच्या साथीनंतर, १८९९ पासून, तिथे हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. हाफकिन संस्था आजही तिथेच आहे.

या सगळ्याखाली मूळ बेटांचा भूगोल आहे. परळचे बेट उंच होते. लोअर परळ आणि वरळीमधला सखल भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डचा बांध होईपर्यंत भरतीच्या पाण्याखाली जात असे. त्यामुळे भरावाच्या जमिनीत जे सापडेल ते बहुतेक दुसरीकडून आलेले असणार आणि बेटाच्या मूळ उंचवट्यावर सापडेल ते तिथल्याच माणसांचे असणार. म्हणजे सगळ्या शहरात सारख्याच काळजीने खणण्याची गरज नाही. कुठे पाहायचे हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते.

त्यात बुजवलेल्या तळ्यांची भर घालायला हवी. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, बाबुला टँक ही एकेकाळची भरलेली तळी आहेत. साथींच्या आणि डासांच्या भीतीने ती एकामागून एक बुजवली गेली. तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळात लाकूड, चामडे, बिया, मातीची भांडी, पूजेच्या वस्तू हवेविना दीर्घकाळ टिकतात. दक्षिण मुंबईत सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याचा पुरावा कुठे मिळायचाच असेल, तर तो अशा गाळात मिळेल. लालबाग-परळच्या गिरण्यांचीही गोष्ट तशीच. चिमणी डोळ्यांना दिसते, म्हणून ती वाचवण्याची निदान चर्चा तरी होते. बॉयलरची बैठक, धुराचे भुयार, पाण्याचे हौद आणि नाल्या मात्र जमिनीखाली असतात आणि कोणी मोजण्याआधी फुटतात.

आजवर जे सापडले ते अपघाताने

गेल्या काही वर्षांत मुंबईने जमिनीखालची किंवा विसरलेली बरीच बांधकामे पाहिली. २०१६ मध्ये मलबार हिलच्या राजभवनाखाली ब्रिटिशकालीन बंकर सापडला आणि २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झाले. २०१८ मध्ये त्याच आवारात प्रत्येकी २२ टन वजनाच्या दोन तोफा मिळाल्या. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी १९६४ मध्ये बंद झालेल्या ट्रामचे रूळ उघडे पडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जे. जे. रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या इमारतीखाली सुमारे २०० मीटर लांबीचे भुयार आढळले. सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजणारे एकोणिसाव्या शतकातले मैलाचे दगड काळबादेवीपासून परळ-दादरपर्यंत उभे होते. त्यांतले काही फुटपाथमध्ये गाडले गेले होते. महापालिकेच्या वारसा विभागाने ते शोधून पुन्हा नीट बसवण्याचे काम हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे.

या यादीत एक समान धागा आहे. यांतली प्रत्येक गोष्ट सरकारी आवारात किंवा सार्वजनिक रस्त्यावर सापडली. खासगी पुनर्विकासाच्या खड्ड्यातून आलेली अशी बातमी सहसा वाचायला मिळत नाही. त्या खड्ड्यांत काहीच नसते, असा याचा अर्थ लावता येणार नाही. राजभवनात किंवा रुग्णालयात शोध लागला तर सांगणाऱ्याचे काही जात नाही. विकासकाला मात्र काम थांबण्याची भीती असते, मुकादमाला नोकरीची, आणि पोकलेन चालवणाऱ्या माणसाला बकेटमध्ये आलेले खापर काय आहे हे कोणी शिकवलेले नसते. न सांगण्यात प्रत्येकाचा फायदा असेल, तर माहिती बाहेर येणार कशी?

पुण्याचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. २०१९ मध्ये मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटजवळ जुना भुयारी मार्ग लागला आणि मंडईजवळ मोठ्या प्राण्याची हाडे मिळाली. ती हत्तीची असावीत, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. सार्वजनिक प्रकल्प होता, म्हणून बातमी झाली आणि जाणकारांपर्यंत पोचली. मुंबईत कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरची, जवळजवळ पूर्णपणे भुयारी मेट्रो जुन्या तटाच्या रेषेजवळून, हुतात्मा चौकातून, सीएसएमटी, काळबादेवी आणि गिरगावखालून गेली. तिच्याविषयी वाद झाले, न्यायालयात प्रकरणे गेली. पण ती मुख्यतः झाडांची, आवाजाची आणि हादऱ्यांनी जुन्या इमारतींना होणाऱ्या धोक्याची होती. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाचा प्रश्न त्यामुळेच उच्च न्यायालयात गेला. ही काळजी योग्यच होती. जमिनीत काय आहे, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कधी केंद्रस्थानी आला नाही.

इथे एक तांत्रिक भेद लक्षात घ्यायला हवा. यंत्राने पोखरलेला खोल बोगदा बहुधा कातळातून जातो आणि माणसाच्या वस्तीचे थर त्याच्या कितीतरी वर असतात. धोका असतो तो वरून उघड्या खणलेल्या स्थानकांच्या खड्ड्यांत, यंत्र उतरवण्याच्या विवरांत आणि इमारतींच्या तळघरांत. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह भुयारी रस्त्याचे काम हाती घेतलेले आहे. अशा प्रकल्पांत नजर ठेवायची ती वरच्या काही मीटरांवर.

कायदा दोन टोकांना उभा आहे

केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा २०१० मध्ये कडक झाला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीचे बंधन, असा त्याचा नियम आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली आली. तिने इमारतींना श्रेणी दिल्या आणि वारसा संवर्धन समितीला अधिकार दिले. आजच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्येही वारशाची तरतूद आहे. या नियमांनी मुंबईतल्या अनेक इमारती वाचवल्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र त्यांचा सगळा भर जमिनीच्या वर दिसणाऱ्या गोष्टींवर आहे.

जमिनीतल्या वस्तूंसाठी आधार घ्यायचा तो १८७८ च्या निखात निधी कायद्याचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे तो सांगतो. मालक न मिळाल्यास तीन-चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा. हा कायदा सोन्या-नाण्यांच्या हंड्यासाठी केलेला आहे. घराचा पाया, चुलीची राख, शिलाहारकालीन खापर यांची बाजारात किंमत शून्य असते आणि इतिहासासाठी तीच सर्वांत मोलाची असतात. १९७२ चा पुरावस्तू कायदा मूर्ती आणि जुन्या वस्तूंच्या नोंदणी व व्यापारापुरता आहे. मातीचे थर त्याच्याही कक्षेत येत नाहीत.

परळचे उदाहरण घेतले की या व्यवस्थेतली विसंगती दिसते. बारादेवीचे शिल्प केंद्रीय संरक्षित असल्यामुळे त्याच्या भोवतालच्या जुन्या चाळींनाही शंभर मीटरांचा नियम लागतो. पण हे शिल्प सापडले एका जागी आणि आज आहे दुसऱ्या जागी. वर्तुळ काढले जाते देवळापासून. त्या वर्तुळात राहणाऱ्या माणसाला पडके घर नव्याने बांधण्याची चोरी. हे वर्तुळ आणि त्यापुढचा परवानगीचा पट्टा ओलांडला की कितीही खोल खणा, खाली काय आहे हे विचारणारे कोणी नाही. बंदीने शिल्पाभोवतीच्या इतिहासाबद्दल एक ओळही आपल्याला मिळत नाही आणि बेफिकिरीने उरलेला इतिहास डंपरमधून जातो. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे खोदकामावरची पुरातत्त्वीय देखरेख. तो आपल्या नियमांत नाही आणि खरी उणीव तीच आहे.

संरक्षित ठिकाणीही जाणत्या माणसाची उपस्थिती किती गरजेची आहे, हे बाणगंगेने दाखवले. जून २०२४ मध्ये तिथल्या सुशोभीकरणाच्या कामात गाळ काढण्यासाठी उतरवलेल्या यंत्रामुळे दगडी पायऱ्यांचे नुकसान झाले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. राज्य संरक्षित तळ्याची ही गत असेल, तर चाळीखालच्या अनामिक जमिनीची काय कथा?

इतरांनी काय केले

लंडनलाही ही समज एका दिवसात आली नाही. १९८९ मध्ये कार्यालयाच्या इमारतीसाठी खणताना शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठे आंदोलन झाले. १९९० मध्ये सरकारने धोरण आणले. बांधकामाचा अर्ज करतानाच जमिनीखालच्या अवशेषांचा विचार करायचा, जुने नकाशे तपासायचे, गरज असेल तर चाचणी खड्डे घ्यायचे आणि हा खर्च विकासकाने सोसायचा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे क्रॉसरेल या रेल्वेमार्गाच्या खोदकामात चाळीस ठिकाणांहून दहा हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या, त्याही काम चालू असताना. १९५४ मध्ये सापडलेले रोमन काळातले मिथ्रास देवाचे मंदिर आज एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयाखाली, २०१७ पासून लोकांसाठी खुले आहे.

इस्तंबूलचा अनुभव सावध करणारा आहे. येनिकापी येथे भुयारी रेल्वेसाठी २००४ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि बायझंटाइन काळातले बंदर निघाले. ३७ जहाजांचे अवशेष हाती आले, पण प्रकल्प बरीच वर्षे रखडला. यातून घ्यायचा धडा सरळ आहे: तपासणी आराखड्याच्या आधी झाली तर खर्च थोडा होतो, खड्डा पडल्यावर झाली तर सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो.

घराची वाट पाहणाऱ्यांचे काय?

हा प्रश्न टाळून पुरातत्त्वाची बाजू मांडणे अन्यायाचे होईल. १९६९ मध्ये शहरात १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारती होत्या आणि त्यांतल्या हजारो आजही उभ्या आहेत, काही तर टेकूवर. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडीच्या २०७ चाळींत माणसांनी १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढल्या. वरळीच्या पुनर्विकसित इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. गिरगावातून आणि लालबागमधून उठून संक्रमण शिबिरात म्हातारे झालेले लोक कितीतरी भेटतील. त्यांना ‘खापरे सापडली, आणखी दोन वर्षे थांबा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

देखरेखीचा अर्थ काम थांबवणे असा मुळीच नाही. माणसाच्या वस्तीचे थर सहसा वरच्या काही मीटरांत असतात. तेवढी माती निघेपर्यंत एक-दोन प्रशिक्षित माणसे खड्ड्याच्या काठावर उभी राहतात, दात नसलेल्या बकेटने थर सपाट काढायला सांगतात, छायाचित्रे घेतात, मोजमापे आणि नमुने घेतात. खाली मुरूम किंवा खाडीचा मूळ चिखल लागला की त्यांचे काम संपते. ताब्याची तारीख पुढे ढकलण्याची वेळ फार क्वचित येईल.

मुंबईला जमण्यासारखे

पहिले काम नकाशाचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात कॅप्टन डिकिन्सन याने केलेली पाहणी आणि १८६५ ते १८७२ या काळात लॉटन याने केलेली शहर मोजणी आपल्याजवळ आहे. त्यांत घरे, विहिरी, तळी, वाड्या बारकाईने दाखवल्या आहेत. ते आजच्या नकाशावर बसवून तटाची रेषा, खंदक, बुजलेली तळी, जुनी गावठाणे आणि बेटांचे मूळ उंचवटे ठरवता येतील. अशा संवेदनशील पट्ट्यांपुरतीच देखरेख सक्तीची करावी. बाकी शहराला तिचा त्रास नको.

दुसरे, बोअरहोलच्या नोंदी. प्रत्येक उंच इमारतीआधी माती परीक्षण होते. भराव किती फूट, चिखल कुठे, कातळ कुठे हे त्यात लिहिलेले असते. या नोंदी आज फायलींत पडून राहतात. त्या एका ठिकाणी जमा केल्या तर जादा खर्चाविना शहराच्या जमिनीखालचा नकाशा तयार होईल.

तिसरे, परवानगीची जागा. खणलेली माती प्लॉटबाहेर न्यायची तर गौण खनिजाचे स्वामित्वधन भरावे लागते आणि किती ब्रास माती निघाली याचा हिशेब जिल्हाधिकारी कार्यालय ठेवते. निखात निधी कायद्याचा अधिकारीही जिल्हाधिकारीच. म्हणजे मातीवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा आधीच आहे, ती फक्त ब्रास मोजते. संवेदनशील पट्ट्यात माती उचलण्याच्या परवानगीला आणि महापालिकेच्या काम सुरू करण्याच्या दाखल्याला देखरेखीची एक अट जोडता येईल.

चौथे, मुदत आणि मोबदला. काही सापडले तर नोंदीसाठी ठरावीक दिवस मिळावेत, त्यानंतर काम पुढे जावे. खरोखर विलक्षण काही निघाले आणि जागा सोडावी लागली, तर विकासकाला हस्तांतरणीय विकास हक्क मिळावेत. वारसा इमारतींसाठी ही सोय नियमांत आहेच. रहिवाशांचे भाडे त्या काळात बंद पडता कामा नये. सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही, ही हमी मिळाल्याशिवाय कोणी सांगणार नाही.

पाचवे, माणसे. डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, पार्ल्याचे साठये महाविद्यालय, धोबीतलावचे सेंट झेवियर्स आणि त्यातली हेरास संस्था इथे हा विषय शिकवला किंवा अभ्यासला जातो. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या अभ्यासकांनी साष्टी बेटावर गावोगाव फिरून गधेगळ (शापवाणीचे दगड), वीरगळ, मूर्ती यांच्या नोंदी केल्या, त्यात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. या तरुणांना खड्ड्याच्या काठावर रीतसर, पगारी काम देता येईल. आणि जे निघेल त्याचा छोटा अहवाल मराठीत सर्वांसाठी खुला असावा, निवडक वस्तू त्याच इमारतीच्या तळमजल्यावर काचेच्या कपाटात मांडाव्यात. आपण कोणाच्या गावावर राहतो हे तिथल्या मुलांना जिना चढताना कळायला हवे.

परळच्या लोकांनी १९३१ मध्ये शिल्प उचलून देवळात नेले आणि ते जपले. लोकांनी आपला वाटा तेव्हाच उचलला आहे. उरलेला वाटा कायद्याचा आहे. एकदा तळघर झाले की त्या जागी पुन्हा कधीही पाहता येणार नाही. मुंबईच्या जुन्या भागातला पुनर्विकास येत्या काही दशकांत पुरा होईल आणि त्याबरोबर ही संधीही संपेल. म्हणून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने आणि महापालिकेने संवेदनशील पट्ट्यांचा नकाशा आताच जाहीर करावा आणि देखरेखीची अट नियमावलीत घालावी. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या गृहनिर्माण संस्थांनीही विकासकाशी करार करताना चटईक्षेत्र, भाडे आणि ताब्याच्या तारखेबरोबर एक कलम मागून घ्यावे: पाया खणताना जाणकार माणूस हजर राहील आणि त्याचा अहवाल आम्हाला मिळेल. यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही.